गॅलरीतली जागा

"आधी चप्पल काढ," हौसाक्का म्हणाली, "मग तोंड उघड."

निवासनं मुकाट्यानं चप्पल काढली आणि तालमीच्या ओट्यासमोर अनवाणी उभा राहिला. ओट्यावर आम्ही वीस-पंचवीस जण दाटीवाटीनं बसलेलो. दिवेलागणीची वेळ, प्रत्येकाच्या हातात दुधाचा पेला. त्याला कुणी पेला दिला नाही. परवापर्यंत हाच गडी आमच्या कासारवेस तालमीच्या फुटबॉल टीमचा कोच होता. पोरं 'सर, सर' करत त्याच्यामागं धावायची. मग बुधवारी तालमीच्या फळ्यावर खडूनं लिहून आलं, 'श्री. निवासराव यांना कोचपदाच्या जबाबदारीतून मुक्त करण्यात येत आहे.' मुक्त! हाकलला म्हणायला आमच्या कमिटीची जीभ वळत नाही. मी फळ्यापाशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला ते मोठ्यानं वाचून दाखवत होतो आणि 'मुक्त'च्या जागी दरवेळी 'हाकलला' म्हणत होतो.

"बोल बाळा, काय पाहिजे?" दस्तगीर वस्तादांनी विचारलं. वस्ताद आमच्या तालमीचे अध्यक्ष. तरुणपणी कुस्त्या करून दोन्ही कान मोडलेले, बोलणं मात्र लोण्यासारखं.

निवासनं खिशातनं एक तिकीट काढून सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. "उद्याची मॅच मला गॅलरीत बसून बघायची हाय. तुमच्यात."

असा गलका उठला की रस्त्यापलीकडं बांधलेली म्हैस दावं ओढून उभी राहिली.

"गॅलरीत?" मी उठलो. "पॅव्हेलियनमधी जा की. तिथं खुर्ची मिळती. कपबशीतनं चहा मिळतोय. समदे माजी कोच तिथंच बसत्यात."

"मला खुर्ची नको, रंगा."

"रंगा कुणाला म्हणतोस? वर्षभर रंगराव म्हणत हुतास न्हवं?"

तो गप्प झाला. मला बरं वाटलं. त्या दिवशी मला त्याला गप्प करायचंच होतं.

बाहेरच्या माणसाला कोल्हापूर म्हटलं की रस्सा आठवतो आणि चप्पल आठवते. त्यांचं त्यांना लखलाभ. आमच्याकडं पेठेपेठेत तालीम आहे, आणि एकेकाळी लाल मातीत कुस्ती खेळणाऱ्या तालमींच्या आता फुटबॉलच्या टीमा आहेत. पोरगं ज्या पेठेत जन्मलं त्या पेठेचा रंग त्याच्या अंगाला लागतो, तो मरेपर्यंत जात नाही. स्टेडियमवर प्रत्येक पेठेची गॅलरी ठरलेली. सिमेंटच्या पायऱ्या, वर ऊन, पायरीला नंबर नाही, पण कोण कुठं बसतो हे सगळ्यांना माहीत. आणि गॅलरीचा एक कायदा आहे. एकदा माणूस गॅलरीतनं उतरून खाली कोचच्या बाकावर गेला, की तो परत वर यायचा नाही. कारण सरळ आहे. माजी कोच मांडीला मांडी लावून बसला तर चालू कोचला मोकळ्या मनानं शिव्या घालता येत नाहीत. तोंडाला कुलूप लावून बसायचं तर मग देवळात जावं.

निवासला हा कायदा माहीत होता, कारण तो आमच्याच गॅलरीत वाढला. मिसरूड फुटल्यापासून तो माझ्या डाव्या हाताला बसायचा. मी उद्यमनगरात लेथवर काम करतो, माझा आवाज मशीनच्या वर जातो. पण माझा नुसता आवाज. बोलणं निवासचं. त्याच्या शिव्यांत आईबहीण नसायची, त्याला गरजच पडायची नाही. गोल खाल्ला की तो उठून उभा राहायचा आणि आमच्याच बॅकला विचारायचा, "अरं, तू अडवाय उभारलाईस का पाव्हण्यास्नी वाट दावाय?" आमची गॅलरी हसायची ते हसायचीच, समोरची दक्षिणवेसची गॅलरीसुद्धा हसायची. आणि कोचचा तर तो काळ होता. त्यानं वरनं बोलून बोलून तीन कोच पळवून लावले. तिसरा गेला तेव्हा कमिटी बसली. कुणीतरी म्हणालं, वर बसून ह्या निवासला सगळं कळतंय, ह्यालाच खाली बसवा. साऱ्या पेठेला ते पटलं. जो आचाऱ्याला उत्तम नावं ठेवतो त्याच्या हातात झारा देणारी माणसं आम्ही!

तर आता त्याच निवासचा निकाल आमच्यापुढं होता. वस्ताद म्हणाले, "गॅलरीचा कायदा मोडायचा का न्हाई, ते गॅलरीनं ठरवावं. कमिटीचा संबंध न्हाई. पर पोराचं म्हणणं ऐकून घ्या."

"आधी हिशोब," पोवार मास्तर म्हणाले. मास्तर शाळेत भूगोल शिकवत आणि गॅलरीत आकडे सांगत. "चौदा मॅच. जिंकल्या तीन. त्यातली एक समोरची टीम आलीच न्हाई म्हणून."

"ती धरू नका," कुणीतरी मागनं ओरडलं.

"बरोबरी चार, हार सात. ह्या पेठेत जन्माला आल्यापासनं असला हंगाम मी बघितला न्हाई."

"मास्तर, मैदान बी बघा की," निवास म्हणाला. "पाण्याचा टँकर आला न्हाई. मातीचा नुसता फुफाटा. आपली पोरं पासिंगचा खेळ खेळत्यात, बॉल जागेवर थांबायचा न्हाई."

"आन् दक्षिणवेसचा बॉल थांबत हुता तो?" मी म्हणालो. "त्यांनी काय घरनं मैदान आणलं हुतं?"

ओटा हसला. निवासनं ओठ चावला. "दुपारच्या मॅचा दिल्या आमास्नी. पहिल्या हाफात ऊन डोळ्यावर."

आता मी त्याचीच वाट बघत होतो. मी ओट्याच्या कडेला आलो. "मागल्या कोचनं हेच सांगितलं तवा तू काय म्हणाला हुतास? सांग की. ध्यानात न्हाई? मी सांगतो. 'ऊन काय फकस्त आपल्याच अर्ध्यात पडतंय व्हय रं?' साऱ्या स्टेडियमनं टाळ्या वाजवल्या हुत्या."

"रेफ्री..." निवास म्हणाला, आणि स्वतःच थांबला.

"म्हण म्हण! 'रेफ्री आंधळा, मग तू दोन डोळ्यांचा काय उजेड पाडलास?' हे बी तुझंच."

"आन् गोलकीपरचं काय सांगितलं त्यानं?" हौसाक्कानं विचारलं. ती आमच्या गॅलरीत शेंगा विकायची आणि पहिल्या पायरीवरनं सगळी मॅच बघायची. तिचा शब्द मोडायची गॅलरीत कुणाची छाती नव्हती.

"त्याचं लगीन हुतं, आक्का," निवास कसनुसा म्हणाला. "आदल्या दिशी हळद लागली हुती. हात ओशट..."

पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. मास्तरांच्या नाकातनं दूध आलं. एक जण ओट्यावर आडवा झाला. "हळदीनं बॉल निसटला!" "नवरीबी निसटली असंल!" "मग अक्षता टाकायच्या न्हाईत व्हय, गोल कशाला टाकून घेतला!" निवास खाली मान घालून उभा. पायाच्या अंगठ्यानं फरशीची भेग उकरत होता. मी हसत होतो, पण मला आतनं राग येत होता आणि तो वाढतच होता. ह्या माणसाचं तोंड कुठं गेलं? असा एकदा सापडलेला कोच त्यानं सोडला असता का? आणि आज तोच कोचांसारखी रडगाणी गात होता. टँकर, ऊन, हळद!

"खरं सांगू का?" तो म्हणाला.

"नको," हौसाक्का म्हणाली. "खरं-खोटं कोचनं सांगायचं. कमिटीला, पेपरवाल्याला. आमाला काय करायचंय? तू गॅलरीत यायचं म्हणतोस न्हवं? मग गॅलरीतला माणूस काय करतोय ते कर. कारणं देतोय का त्यो? शिव्या घालतोय. तुला येत्यात का अजून, तेवढं बघू दे."

"कुणाला घालू?"

"कुणाला म्हंजी? ह्या हंगामाच्या कोचला." तिनं समोरच्या म्हशीकडं बोट केलं. म्हैस खाली बसून रवंथ करत होती. "ते बघ, तिथं बाकावर बसलंय तुझं निवास कोच. चौदा मॅचमधी तीन जिंकून आलंय. घाल."

पोरांनी शिट्ट्या मारल्या. निवासनं म्हशीकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं. घसा खाकरला.

"निवासराव, आपण जरा..."

"आपण!" मास्तर किंचाळले.

"आवाज न्हाई!" "कोच हाय अजून ह्यो, कोच!" "पॅव्हेलियनमधी घालवा त्याला!"

मला राहवलं नाही. मी ओट्यावरनं खाली उडी टाकली आणि त्याच्या उजव्या हाताला जाऊन उभा राहिलो. गॅलरीत बसायचो तसा. आणि म्हशीकडं बघून माझा लेथवरचा आवाज लावला, "ए निवास! ए कोच! झोपलास व्हय रं?"

निवासनं माझ्याकडं बघितलं. त्याच्या गळ्याची शीर फुगली.

"ए कोच!" तो ओरडला. "गळ्यात शिट्टी बांधलीस म्हणून कोच झालास व्हय? शिट्टी आमचा कुकर बी मारतोय, त्याच्या शिट्टीनंतर निदान काय तरी शिजतंय!"

ओटा फुटला. हौसाक्कानं मांडीवर थाप मारली. निवासनं सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि मग त्याला कुणी थांबवू शकलं नसतं.

"दौलत्याला डाव्या बाजूला खेळवलंस! अरं, त्याचा डावा पाय फकस्त सायकलचा पायडल मारायला हाय! साऱ्या गावाला ठावं हाय, तुझ्या बाकाला ठावं न्हाई? कॉर्नरला सगळी पोरं पुढं धाडलीस आन् माघारी कोण ठेवलंस, ग्रामदैवत? आन् पेपरवाल्याला काय सांगतोस, 'टीमची बांधणी चालू हाय'! बांधणी चालू हाय म्हणून गवंडी सुदीक एवढे पैसं घेत न्हाई की रं, आन् तुझी भिंत सात येळा पडली! हळद लागली म्हणतोय! हळद गोलकीपरला लागली का तुझ्या डोक्याला?"

म्हैस उठली. गल्लीतली माणसं दारात आली. मी त्याच्या प्रत्येक वाक्याला "व्हय!" म्हणून दाद देत होतो. वर्षभरात असं हसलो नव्हतो.

"आन् चषकाची सेमीफायनल!" निवासचा आवाज चिरकला. "दक्षिणवेसवर एक गोल चढवून बसलेलो. वीस मिनिटं राहिल्याली. आपला म्हमद्या बॅकला डोंगरागत उभा. त्याला बाहेर काढलंस? फॉरवर्ड आत घातलास? फायनल दारात आली हुती, मुडद्या, आन् तू दारच काढून फेकलंस! दोन गोल खाल्लंस! का? का काढलंस म्हमद्याला? कोण म्हणालं तुला?"

तो थांबला. धापा टाकत होता. आम्ही पुढच्या शिवीची वाट बघत होतो. त्याचे हात खाली आले.

"गॅलरी म्हणाली," तो म्हणाला.

शिट्टी मारायला तोंडात घातलेली बोटं पोरांनी बाहेर काढली.

"पैल्या मॅचपासनं," तो म्हशीकडंच बघत बोलत होता. "तुमी वरनं म्हणालासा दौलत्याला डावीकडं घाल, मी घातला. कॉर्नरला समदे पुढं म्हणालासा, समदे धाडले. बाकावर बसायचो खरा, पर कान हितंच. तुमच्यात. एवढी वर्सं गॅलरीत काढली, कान काय उतरून खाली याला तयार हुईनात. सेमीफायनलला मला कळत हुतं, म्हमद्याला काढायचं न्हाई. चांगलं कळत हुतं. तेवढ्यात आवाज आला. 'बॅक काढ, फॉरवर्ड घाल, पाच घाल त्यास्नी!' पाच हजार माणसं वरडत हुती, पर मला तेवढाच आवाज आला."

त्यानं कुणाकडं बघितलं नाही. पण अख्ख्या ओट्यानं माझ्याकडं बघितलं. लेथच्या वर जाणारा आवाज कासारवेसीत एकच आहे.

वस्तादांनी मोडका कान खाजवला. मास्तर पेल्यात बघू लागले. आता कुणीही दुसरा असता तर मान खाली घातली असती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"व्हय, माझाच आवाज!" मी ओरडलो. "मीच म्हणालो काढ म्हणून. आन् उद्या बी म्हणणार! अरं, मी लेथ चालवणारा माणूस. मला बॅक आन् फॉरवर्डातलं काय कळतंय? एक गोल झाला की मला पाच दिसत्यात. हौसाक्का शेंगा विकत वरडती, मास्तर भूगोल शिकवून वरडत्यात. आमी वरडायचंच! गॅलरी हाय ती! वरडणं आमचं काम, आन् आमचं ऐकायचं न्हाई हे तुझं काम! तेवढ्या एका कामाला तुला खाली बसवला हुता आन् तेवढंच तुला जमलं न्हाई. माझं ऐकतोस? माझं घरात बायकू ऐकत न्हाई!"

मग हौसाक्का हसायला लागली. आधी तिचे खांदे हलले, मग ती सगळीच हलली, मग तिनं पदरानं डोळे पुसले.

"म्हंजी बुधवारी आपुन आपल्यालाच हाकललं म्हणा की!" ती म्हणाली.

त्या हसण्याला ओटा पुरला नाही. दारातली माणसं हसली, कमिटीचा सेक्रेटरी, जो संबंध नाही म्हणून आत दडून बसला होता, तोही खिडकीतनं हसला. निवास तेवढा हसत नव्हता. तिकीट मुठीत चुरगळलं होतं. त्याला अजून उत्तर मिळालं नव्हतं.

वस्ताद उठले. "निकाल ऐका," ते म्हणाले. "कोच म्हणून ह्याला माफी न्हाई. आपुन केलेली शिक्षा बराबर. आता ऱ्हायला गॅलरीचा कायदा. कायदा काय म्हणतोय, गॅलरीतनं उतरलेला माणूस परत वर यायचा न्हाई. पर हे पोरगं उतरलं कवा? वर्षभर गॅलरीतच हुतं. बसलं तेवढं चुकीच्या जागी." त्यांनी निवासकडं बघितलं. "उद्या येळेवर ये. उशीर केलास तर जागा मिळायची न्हाई."

"जागा मिळंल," मी म्हणालो. डाव्या हाताची ती जागा वर्षभर रिकामीच होती. तिथं मी कुणाला टेकू दिलं नव्हतं. मी माझा पेला निवासच्या हातात दिला. अर्धा होता, उष्टा होता. त्यानं एका घोटात संपवला.

दुसऱ्या दिवशी लीगची शेवटची मॅच होती. जिंकली तर पहिल्या वर्गात राहायचं, हरली तर खाली. बाकावर नवा कोच, मडगावहून आणलेला. फुर्तादो नावाचा. किडकिडीत, काळा चष्मा, हाताची घडी. त्याला मराठी येतं का, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

निवास वेळेच्या आधी येऊन बसला होता. पण बोलेना. गुडघ्यावर हात ठेवून नुसता मैदानाकडं बघत होता. पहिला हाफ संपला, शून्य-शून्य. हौसाक्का शेंगांची टोपली घेऊन वर आली, त्याला एक पुडी दिली आणि माझ्याकडं भुवई उडवली. मी खांदे उडवले. रात्रीत परत कोच झाला का काय, मला कळेना.

दुसऱ्या हाफात आमचा अकरा नंबर, बाळासो नावाचं नवं पोरगं, तीनदा समोर गोल असताना घसरलं. तिसऱ्यांदा घसरलं तसा निवास ताडकन उठला.

"ए फुर्तादो! अकरा नंबरला काढ! मैदानात हाय का बाथरूममधी हाय त्यो?"

अख्खी गॅलरी उसळली. कासारवेसचा आवाज परत आला होता. "काढ! काढ! अकरा काढ!" मी लेथवरचा आवाज सोडला. पायऱ्या हादरत होत्या. एवढा आवाज पलीकडं दक्षिणवेसच्या पेठेत गेला असेल.

फुर्तादोनं मान वळवली नाही. बाटली उचलली, पाणी प्याला, टोपण लावलं, परत हाताची घडी घातली.

"बहिरा हाय का काय?" मास्तर म्हणाले.

"न्हाई," निवास हळूच म्हणाला. तो खाली बसला नव्हता. त्याची नजर मैदानावर नव्हती, बाकावर होती. "ऐकू जातंय त्याला. मानंची शीर बघा. समदं ऐकू जातंय."

मॅच संपायला आली होती. कॉर्नर झाला. गर्दीतनं बॉल सुटला, गोलकीपरच्या हातावर आपटला आणि बाळासोच्या पायाशी आला. ह्यावेळी पोरगं घसरत घसरतच बॉलवर गेलं आणि बॉलसकट, मातीसकट, स्वतःसकट जाळ्यात जाऊन पडलं.

पुढं काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. कुणीतरी माझ्या डोक्यावर बसलं होतं. हौसाक्कानं टोपली उलटी केली, हवेत शेंगाच शेंगा. आणि त्या सगळ्यात निवास मला मिठी मारून जागच्या जागी उड्या मारत होता. डोळ्यांतनं घळाघळा पाणी.

"ऐकलं न्हाई रं, रंगा!" तो ओरडत होता. "त्यानं माझं ऐकलं न्हाई!"

मग मला बाजूला ढकलून तो पायरीवर चढला, दोन्ही हातांचा भोंगा तोंडाला लावला आणि बाकाच्या दिशेनं गरजला,

"ए फुर्तादो! अकराला काढ म्हटलं न्हवं मी!"